गुणपत्रिकेपलीकडची नोंदवही

महाराष्ट्रात दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशाची चर्चा बहुधा टक्केवारीपासून सुरू होते आणि गुणवत्ता यादीपाशी संपते. अभियांत्रिकीसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा किंवा जेईई, वैद्यकीय शिक्षणासाठी नीट आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांसाठी सीयूईटी, अशा परीक्षांच्या गुणांवरच बहुसंख्य जागा ठरत असल्यामुळे या चर्चेला वस्तुस्थितीचा आधारही आहे. तरीही प्रवेशाचे सारे मार्ग या एकाच दारातून जात नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत लेखी परीक्षेनंतर विद्यार्थ्याच्या हातचे काम पारखले जाते, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मुलाखतीला महत्त्व असते, काही खासगी विद्यापीठे निबंध मागवतात आणि उमेदवाराशी प्रत्यक्ष बोलतात, संशोधन संस्थांतील पुढच्या टप्प्यांवर मुलाखत निर्णायक ठरते, आणि अमेरिका-ब्रिटनमधील विद्यापीठांना अर्ज करणाऱ्या मराठी मुलामुलींना गुणांखेरीज स्वतःविषयी बरेच काही लिहून द्यावे लागते. गुण, निबंध, शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे काम आणि घरची परिस्थिती यांचा एकत्र विचार करून निर्णय घेण्याच्या या पद्धतीला समग्र मूल्यमापन म्हणतात.

या मूल्यमापनात छाप पाडायची कशी, या प्रश्नाभोवती आता मार्गदर्शन वर्गांचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे आणि त्यामुळे पालकांची अशी समजूत होऊ लागली आहे की अर्ज उठावदार करणे हे पैशाचे, शहराचे आणि इंग्रजी सफाईचे काम आहे. या समजुतीला छेद देणारी दोन उदाहरणे रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यातच सापडतात. त्यांतील एक किहीम या समुद्रकाठच्या गावात घडले आणि दुसऱ्याचा एक टप्पा तेथून जवळच असलेल्या अलिबागेत पार पडला. दोन्ही उदाहरणे आजच्या प्रवेशपद्धतींहून जुनी असली, तरी गुणपत्रिका अपुरी पडते तेव्हा माणसाच्या बाजूने काय बोलते, हे त्यांतून स्पष्टपणे कळते.

पदवीविना पक्षिशास्त्रज्ञ

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडील गेल्यामुळे ते मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या एका चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांच्यापुढे पक्ष्यांच्या नमुन्यांचा संग्रह उघडला, ही हकिकत सर्वपरिचित आहे. त्यामानाने त्यांची शैक्षणिक कारकीर्द फारशी सांगितली जात नाही. १९१३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाले, महाविद्यालयाचे पहिलेच वर्ष जड गेल्याने शिक्षण अर्धवट सोडून कुटुंबाच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले आणि १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्राचा अभ्यास सुरू केला. झेवियर महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी या तरुणाचा कल ओळखला आणि त्यांच्या आग्रहामुळे सलीम अलींनी प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रमही पूर्ण केला, पण विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांना मिळाली नाही. पुढे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षिशास्त्रज्ञाच्या जागेसाठी त्यांचा विचार झाला नाही, त्याचे कारण हेच होते.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांना नोकरी मिळाली. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला गेले, एर्विन श्ट्रेझमान या अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकले आणि १९३० मध्ये परतले, तेव्हा निधीअभावी ती जागाच रद्द झालेली होती. हाती पदवी नाही आणि नोकरीही नाही, अशा अवस्थेत ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमच्या घरात राहायला आले.

त्या पावसाळ्यात किहीममध्ये सुगरण पक्ष्यांची घरटी विणली जात होती. सुगरणीची लोंबती घरटी कोकणात शेताच्या बांधावरच्या शिंदीच्या झाडांवर आणि विहिरींवर झुकलेल्या फांद्यांवर सर्रास दिसतात आणि इतकी ओळखीची असल्यामुळेच त्यांच्याकडे कोणी फारसे निरखून पाहत नाही. सलीम अलींनी एक वसाहत निवडली, आठवड्यामागून आठवडे तिच्यावर नजर ठेवली आणि कोणता नर कोणते घरटे विणतो, मादी केव्हा येते आणि त्यानंतर काय घडते, याची तपशीलवार नोंद केली. नर एकामागून एक घरटी विणायला घेतो. घरटे अर्धे झाल्यावर मादी ते पारखायला येते. तिने पसंत केले तर नर ते पूर्ण करतो, तिच्याशी जोडी जमवतो आणि मग शेजारीच दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. एका नराने अशा प्रकारे क्रमाने अनेक माद्यांशी संसार मांडण्याच्या रीतीला क्रमिक बहुपत्नीत्व म्हणतात. सुगरणीतील ही रीत उलगडणारा त्यांचा निबंध १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि भारतीय पक्षिशास्त्रातील एक पायाभूत निरीक्षण म्हणून त्याची गणना आजही होते.

त्यानंतर त्यांनी सोसायटीपुढे एक प्रस्ताव ठेवला. मोहिमेचा खर्च भागवला गेला तर संस्थानी मुलखांतील पक्ष्यांचे सर्वेक्षण आपण मानधन न घेता करू, असे त्यांनी सुचवले आणि हैदराबाद संस्थानापासून या कामाला आरंभ झाला. पुढे त्रावणकोर-कोचीनसह अनेक प्रदेशांची सर्वेक्षणे, १९४१ मधील भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक, डिलन रिप्ली यांच्यासह सिद्ध केलेला दहा खंडांचा ग्रंथ आणि १९७६ मधील पद्मविभूषण, असा हा प्रवास झाला. ज्या माणसाकडे साधी पदवी नव्हती, त्याला अलीगढ आणि दिल्ली विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली. आजच्या अर्जदाराला या प्रवासातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. किहीमच्या कामाला प्रयोगशाळा किंवा महागडी उपकरणे लागली नाहीत. एक नेमका प्रश्न, सलग निरीक्षण, लिहून ठेवण्याची शिस्त आणि निष्कर्ष जाणकारांपुढे तपासणीसाठी ठेवण्याची तयारी एवढ्या भांडवलावर ते उभे राहिले. मिलार्ड, ब्लाटर आणि श्ट्रेझमान यांच्यासारख्यांनी त्यांना वेळोवेळी हात दिला, तो त्यांचे काम जवळून पाहिल्यामुळे दिला. आजच्या शिफारसपत्रामागेही हेच तत्त्व आहे. त्याच वेळी गुणांचे आणि पदवीचे महत्त्व नाकारण्यासाठी या उदाहरणाचा उपयोग करता येणार नाही, कारण पदवी नसल्याची किंमत त्यांना मोजावीच लागली होती.

एका अर्जाची ताकद

दुसरे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि कल्याणहून त्यांची बदली अलिबागेस झाली, तेथेही त्यांनी आनंदीबाईंचे शिक्षण चालू ठेवले. पुढे कोल्हापूर, मुंबई आणि बंगाल असा या दांपत्याचा प्रवास झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज किती तीव्र आहे याची जाणीव या दुःखातून पक्की झाली. गोपाळरावांनी अमेरिकेत पाठवलेले पत्र तेथील एका मिशनरी मासिकात छापून आले, ते न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी वाचले आणि त्यांच्या आधाराने आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या.

त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि त्यांचे बरेचसे शिक्षण घरी किंवा तुटक स्वरूपात झाले होते. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी पत्रात मोकळेपणाने मान्य केले आणि आपली परिस्थिती वेगळी असल्याने तिचा विचार व्हावा, अशी विनंती केली. आप्त आणि जात यांचा एकत्रित विरोध पत्करून आपण येथवर आलो, हा निर्धारच पुढचे काम तडीस नेण्यास उपयोगी पडेल, असे त्यांनी म्हटले. आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत देण्यासाठी हे शिक्षण हवे आहे, हा हेतू सांगितला. अधिष्ठाता रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

प्रवेशासाठी लिहिलेल्या निबंधात काय असावे, असे आज विचारले जाते, तेव्हा या पत्राची रचना अभ्यासण्यासारखी आहे. अर्जदार कोठून आली, तिने आजवर काय पार केले, तिला हे शिक्षण कशासाठी हवे आहे आणि तिच्यात काय उणे आहे, या सर्वांची उत्तरे त्यात थोडक्यात आणि खरेपणाने आलेली आहेत. शब्दांची सजावट त्यात नाही, आणि दुःखाचे भांडवलही केलेले नाही. आपल्या अनुभवाचा अभ्यासाच्या हेतूशी असलेला संबंध वाचणाऱ्याला दिसला पाहिजे, एवढीच निकड त्या पत्रामागे आहे.

प्रवेश समिती काय वाचते

आजच्या पद्धती या जुन्या उदाहरणांपेक्षा अधिक साचेबद्ध झाल्या आहेत. अमेरिकेत १९७५ मध्ये सुरू झालेल्या कॉमन अॅप्लिकेशन या सामायिक अर्जाद्वारे आता एक हजाराहून अधिक संस्थांकडे अर्ज करता येतो. त्यातील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असावा लागतो, शाळेबाहेरचे जास्तीत जास्त दहा उपक्रम नोंदवता येतात आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला केवळ १५० अक्षरांची जागा मिळते. ब्रिटनमध्ये यूकास ही मध्यवर्ती संस्था अर्ज स्वीकारते. तेथील वैयक्तिक निवेदनाची एकूण मर्यादा ४,००० अक्षरांची असून २०२६ च्या प्रवेशांपासून त्याचे तीन प्रश्नांत विभाजन झाले आहे: हा विषय का शिकायचा आहे, आजवरच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व ते का उपयोगी पडले. या दोन देशांतील दृष्टिकोन भिन्न आहेत. ब्रिटनमधील अध्यापक विद्यार्थ्याची निवडलेल्या विषयातील ओढ शोधतात, तर अमेरिकी महाविद्यालये त्याखेरीज तो माणूस म्हणून कसा आहे आणि महाविद्यालयाच्या सहजीवनात काय भर घालील, याचाही अंदाज घेतात.

एवढ्या थोड्या जागेत प्रमाणपत्रांची यादी फार काही सांगू शकत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे दहा ठिकाणी हजेरी लावण्यापेक्षा एकदोन ठिकाणी टिकून राहणे का महत्त्वाचे, ते कळते. समुद्रकिनारा स्वच्छता मोहिमेत सहभाग, असे लिहिणारे विद्यार्थी हजारो असतात. किनाऱ्याच्या एका ठरावीक पट्ट्यात वर्षभर दर पंधरवड्याला सापडलेला कचरा मोजला, जाळ्यांचे तुकडे, बाटल्या आणि पिशव्या असे त्याचे वर्गीकरण केले, पावसाळ्यानंतर प्रमाण कसे बदलले ते पाहिले आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीपुढे मांडले, असे लिहू शकणारा विद्यार्थी विरळा असतो. दुसऱ्या नोंदीत प्रश्न आहे, पद्धत आहे, चिकाटी आहे आणि गावाशी असलेले नाते आहे. शिवाय मुलाखतीत त्यावर कितीही खोल प्रश्न विचारले तरी तो विद्यार्थी उत्तर देऊ शकतो, कारण ते काम त्याने स्वतः केलेले असते.

गावात राहून करता येण्याजोगे

किहीमसारख्या गावातील विद्यार्थ्याला असे काम शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. कोकणातील दर्यावर्दींच्या ओठी एक आडाखा असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमेला, पंधरा तिथी धरून, सव्वाअकराच्या सुमारास. या आडाख्यात दर तिथीला ४५ मिनिटे धरली आहेत आणि प्रत्यक्षात भरती रोज सरासरी सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा पंधरवड्याअखेर किती फरक साठतो, तो ऋतूनुसार बदलतो का, हे एका वहीच्या आणि घड्याळाच्या मदतीने वर्षभर तपासता येईल. गणित, भूगोल, भौतिकशास्त्र आणि कोळी समाजाचे पिढीजात ज्ञान या चारही गोष्टी त्या एका वहीत एकत्र येतील.

नोंदी ठेवण्याच्या शिस्तीचा धडाही तालुक्यातच आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागेत नवी वेधशाळा उभारली गेली आणि संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर मापने घेऊन जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळवण्यात आला. जागा बदलली तरी नोंदींची मालिका तुटू नये म्हणून घेतलेली ही काळजी कोणत्याही शालेय प्रकल्पाने आदर्श म्हणून समोर ठेवावी अशी आहे.

सुगरणीच्या वसाहती आजही पावसाळ्यात मोजता येतात आणि ईबर्डसारख्या जगभरच्या सामायिक नोंदसंग्रहात विनामूल्य नोंदवता येतात. थळसमोरचा खांदेरी किल्ला, भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा, वाड्यांमधले नारळ-सुपारीचे अर्थकारण, पर्यटनामुळे बदलणारी जमिनीची मालकी, हे इतिहास, शेती आणि अर्थशास्त्राचे विषयही हाताशी आहेत. याहून महत्त्वाचे म्हणजे घरकाम आणि रोजगार यांनाही अर्जात मान आहे. कॉमन अॅप्लिकेशनच्या उपक्रमांत कुटुंबाची जबाबदारी आणि मिळकतीचे काम या गोष्टी नोंदवता येतात. पहाटे आईबरोबर मासळी बाजारात बसून हिशेब सांभाळणारी मुलगी किंवा शाळा सुटल्यावर कांद्याच्या माळा बांधणारा मुलगा आपल्याकडे लिहिण्याजोगे काही नाही असे समजतो, तेव्हा तो स्वतःवर अन्याय करतो. त्या कामात जबाबदारी, व्यवहारज्ञान आणि सातत्य असते, आणि ते साध्या शब्दांत सांगितले की वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते.

निबंध दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा किंवा यंत्राकडून तयार करून घेण्याचा मोह मात्र घातक ठरतो. यूकास प्रत्येक निवेदनाची आधीच्या निवेदनांशी तुलना करून उसनवारी शोधते, पण त्याहीपेक्षा मोठे नुकसान असे की उसन्या भाषेत विद्यार्थी स्वतः दिसेनासा होतो. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने आधी मराठीत मनमोकळे लिहावे, आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते स्पष्ट करून घ्यावे आणि मगच ते साध्या इंग्रजीत मांडावे. अशा लेखनात विचार पक्का असतो आणि भाषेतील लहानसहान उणिवा त्याला बाधत नाहीत.

न्यायाचा प्रश्न

समग्र मूल्यमापनाला एक काळी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. हार्वर्डसारख्या अमेरिकी विद्यापीठांनी १९२० च्या दशकात चारित्र्य, व्यक्तिमत्त्व आणि घराण्याची माहिती अर्जात मागायला सुरुवात केली, त्यामागे परीक्षांत चमकणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखण्याचा हेतू होता. गुण आंधळे असतात असे म्हणतात, पण त्या आंधळेपणामुळेच आडनाव, पेहराव, उच्चार आणि ओळखीपाळखी यांपासून गरीब विद्यार्थ्याला संरक्षण मिळते. महाराष्ट्रात गुणवत्ता यादीवर लोकांचा विश्वास आहे, तो या कारणाने, आणि तो सहजासहजी सोडून देण्याजोगा नाही.

म्हणूनच गुणांखेरीजच्या गोष्टींना स्थान द्यायचे असेल, तर त्या सर्व मुलांच्या आवाक्यात आणण्याची जबाबदारी शाळांवर येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुआयामी, समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. ती कागदावरचा आणखी एक रकाना ठरू नये यासाठी आठवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याला परिसरातील एक प्रश्न निवडून त्यावर तीन-चार वर्षे नोंदी ठेवण्याची संधी देता येईल. शिक्षकांनी त्या नोंदी वाचल्या, शंका विचारल्या, चुका दाखवल्या, तर शिफारसपत्र लिहिण्याची वेळ येते तेव्हा त्यांच्यापाशी सांगण्यासारखे खरे प्रसंग असतात. विद्यार्थी हुशार, नम्र व कष्टाळू आहे, हे वाक्य कोणाबद्दलही लिहिता येते. याने आपलाच काढलेला निष्कर्ष दुसऱ्या वर्षाच्या नोंदी पाहून बदलला, हे वाक्य एकाच विद्यार्थ्याबद्दल लिहिता येते आणि तेच त्याच्या कामी येते. पालकांनीही मुलाची आवड कोणत्या अर्जाला उपयोगी पडेल हा हिशेब बाजूला ठेवून ती टिकेल एवढा वेळ त्याला द्यायला हवा, कारण टिकलेली आवडच काही वर्षांनी काम म्हणून दाखवता येते.

अशा कामाने प्रवेशाची हमी मिळत नाही, हे विद्यार्थ्याला आधीच सांगितले पाहिजे. नामवंत विद्यापीठांत जागा थोड्या आणि योग्य अर्जदार पुष्कळ असतात, त्यामुळे उत्तम अर्जही नाकारले जातात. पण छाप पाडण्यासाठी गोळा केलेली प्रमाणपत्रे नकारानंतर निरुपयोगी होतात आणि एखाद्या प्रश्नावर मनापासून केलेले काम तसे होत नाही. त्यातून मिळालेली निरीक्षणाची, विचाराची आणि लेखनाची सवय पुढच्या प्रत्येक अर्जात, अभ्यासात आणि व्यवसायात सोबत राहते. सुगरणीवरचा निबंध सलीम अलींनी कोणत्याही प्रवेशासाठी लिहिला नव्हता, तरी त्यांच्या योग्यतेची साक्ष म्हणून तो जवळपास शंभर वर्षे टिकला आहे. रायगडच्या मुलामुलींनी अर्जाची तयारी करायची, ती याच क्रमाने: आधी काम, मग त्याची नोंद आणि शेवटी अर्ज.